ढोलाच्या ठोक्यावर निसर्गाची ओळख

प्रश्न : निसर्गाशी असलेले नाते तुटल्यासारखे वाटते, म्हणून शामन साधनेच्या वर्गात जावेसे वाटते. ही साधना गटातच का शिकवतात? घरी एकट्याने शिकता येणार नाही का?

उत्तर : ‘शामन’ म्हणजे ढोलाच्या लयीत तंद्रीत जाऊन आत्म्यांच्या जगाशी संपर्क साधणारी व्यक्ती. हा शब्द सायबेरियातील एवेंकी लोक व त्यांच्याशी भाषेने जवळच्या जमातींकडून जगभर गेला, मात्र वर्गांत शिकवली जाते ती बहुधा त्यांची परंपरा नसून, अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांनी अनेक परंपरांतील समान धागे वेचून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेली पद्धत असते. हा फरक शिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगितला नाही, तर मी तरी तिथे थांबणार नाही, कारण सोव्हिएत राजवटीत ज्यांचे ढोल जप्त झाले, त्यांच्या वारशावर परस्पर हक्क सांगणे शोभत नाही.

गटाचे कारण अगदी व्यावहारिक आहे. डोळ्यांवर कापड बांधून, आडवे पडून मनाने प्रवासाला निघालेल्या माणसाला स्वतः ढोल वाजवणे अवघड जाते. दुसरा कोणी मिनिटाला सुमारे २०० ठोके एकाच लयीत देतो आणि ठोक्यांची चाल बदलली की परत फिरायचे, हा संकेत असतो. ध्वनिमुद्रणावर हे घरीही जमते, परंतु नंतर वर्तुळात बसून दिसलेले सांगताना कोणीतरी ‘तो पक्षी कोणता होता?’ असे विचारतो, आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसते! मग दुसऱ्या दिवशी आपण झाडाखाली मान वर करून उभे राहतो. मनोविकाराचा किंवा अपस्माराचा इतिहास असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.