वाचकांचे प्रश्न : जनुके, जिद्द आणि संकल्प

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालेला, बहात्तर वर्षांचा वडोदरेकर आहे. लहानपणापासून दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात जात आलो आणि ‘मनावर घेतले की माणसाला सगळे जमते’ या एका वाक्यावर आयुष्य काढले. माझ्या भाच्याला दारूचे व्यसन लागले, तेव्हा त्यालाही मी हेच ऐकवत राहिलो. दारूबंदीच्या राज्यात राहूनही त्याची दारू सुटली नाही, आणि गेली सात वर्षे आमचे बोलणे बंद आहे. आता जैवतंत्रज्ञान शिकणारा माझा नातू सांगतो, की व्यसन हे जनुकांतच असते आणि पुढेमागे गर्भातच जनुके बदलून मुलांना चिकाटीसुद्धा देता येईल. तसे झाले तर प्रयत्नाला काय अर्थ उरेल? असे करणे नीतीला धरून होईल का? आणि भाच्याच्या बाबतीत मी चुकलो का?
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचा संबंध एका जिवंत माणसाशी आहे आणि बाकीचे दोन थोडे थांबू शकतात. होय, आपण चुकलात. मात्र नातू म्हणतो त्या कारणाने नव्हे.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते, की दारूच्या व्यसनाचा धोका माणसागणिक कमीजास्त असतो आणि त्या फरकातला साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो. हा आकडा समाजातल्या फरकांचा आहे. एका माणसाच्या आयुष्याची वाटणी त्यावरून करता येत नाही. पण एवढे त्यातून नक्की कळते, की एकच पेला दोन माणसांच्या शरीरांत दोन निराळी कामे करतो, आणि ज्याला तो सहज खाली ठेवता येतो त्याने दुसऱ्याला दुबळा ठरवणे न्यायाचे नाही. १९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी एकमेकांच्या नात्यातल्या दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवणारे लेप्टिन हे संप्रेरक त्यांच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नव्हते. ती मुले अखंड भुकेली असत आणि लहान वयातच अतिशय लठ्ठ झाली होती. पुढे अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाली आणि त्यांची भूक आटोक्यात आली. त्याआधी त्यांना किती जणांनी ‘तोंडावर ताबा ठेव’ असे सांगितले असेल, याचा विचार मनातून जात नाही.

नातवाचे म्हणणेही मात्र अर्धेच खरे आहे. पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांमध्ये एका जनुकाचे असे रूप आढळते, की दारू घेतल्यावर ॲसिटाल्डिहाइड हे द्रव्य शरीरात साचते, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते आणि मळमळू लागते. साहजिकच असे लोक दारूच्या आहारी कमी जातात. तरीही जपानमध्ये दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांत हे रूप असलेल्यांचे प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होते, ते १९९२ मध्ये १३ टक्के झाले. तेरा वर्षांत एखाद्या समाजाची जनुके बदलत नाहीत. बदलले ते भोवतालचे जगणे आणि पिण्याच्या रीती.

याच उदाहरणातून आपल्या नीतीच्या प्रश्नाकडे जाता येते. शरीराची हीच प्रतिक्रिया औषधानेही घडवता येते. डायसल्फिराम नावाची गोळी १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये यासाठी वापरात आली आणि ती आजही दिली जाते. जो माणूस डॉक्टरांकडून सगळे समजून घेऊन रोज सकाळी ती गोळी स्वतःच्या हाताने घेतो, त्याची इच्छाशक्ती उणी आहे असे मी कधीही म्हणणार नाही. संध्याकाळी आपण डगमगू हे ओळखून त्याने सकाळीच स्वतःला बांधून घेतलेले असते. पण आपल्याकडे कित्येक घरांत हीच गोळी त्या माणसाला न सांगता भाजीत किंवा चहात मिसळली जाते. घरच्यांची अगतिकता मी समजू शकतो. तरी ते करू नये, कारण वर दारू घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. आणि प्रकृतीचे संकट टळले, तरी त्या माणसाचा स्वतःविषयीचा निर्णय इतरांनी चोरून घेतलेला असतो.

गर्भातच मुलाचा स्वभाव बदलून टाकणे मला चहात गोळी मिसळण्याच्या जातीचे वाटते. चहातली गोळी बंद तरी करता येते, गर्भात केलेला बदल मात्र जन्मभर राहतो आणि पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो. यावर कोणी विचारील, की आईबाप मुलाला न विचारता लस देतात, शाळेत घालतात, ते चालते ना? चालते, कारण देवी किंवा पोलिओ आपल्याला झाला असता तर बरे, असे कोणतेही मूल मोठेपणी म्हणणार नाही. आपण शांत असावे की हट्टी, हे मात्र आपल्या आधी दुसऱ्या कोणी ठरवून ठेवावे, यालाही ते संमती देईल असे गृहीत धरण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

चिकाटीचे एखादे जनुक हाती लागेल, अशी आशा किंवा भीती बाळगण्याचेही कारण दिसत नाही. सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या उंचीशी संबंधित असे १२ हजारांहून अधिक आनुवंशिक फरक सापडले, आणि उंची तर फूटपट्टीने मोजता येते. पण उद्या समजा हे जमलेच, तरी आपला ‘प्रयत्नाला काय अर्थ’ हा प्रश्न मला पटत नाही. जिद्द चोराकडेही असते. ती कशासाठी वापरायची, हे जिद्दीला स्वतःला ठाऊक नसते. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये परदेशी गेले आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा एवढ्या विद्वान माणसाला या शहरात कोणी राहायला जागा देईना. २३ सप्टेंबर १९१७ रोजी ते कमाटीबागेत वडाखाली बसले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला. त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो. त्यांच्या अंगच्या चिकाटीत वाडवडिलांचा वाटा असेलही. पण त्या दिवशीचा संकल्प त्यांना एका अन्यायाचा अर्थ कळल्यातून आला, आणि असा अर्थ रक्तातून येत नाही. आपल्या आयुष्यभराच्या व्यायामाचे मोलही मला याच जागी दिसते.

भाच्याला फोन करावा. दारूचा विषय आपण काढू नये. त्याने काढला तर त्याच्याबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याची तयारी दाखवावी.

प्रश्न : मी छोटा उदेपूर जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि सुट्टीत वडोदऱ्याला घरी येते. माझ्या वर्गातल्या एका मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. जनुके बदलणे म्हणजे निसर्गात ढवळाढवळ असे घरी सगळे म्हणतात. आपले मत काय?
— एक शिक्षिका

उत्तर : या आजारापुरते माझे मत अगदी स्पष्ट आहे : ही ढवळाढवळ जरूर व्हावी. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिलेल्या उपचारात रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी काढून, क्रिस्पर या जनुके बदलण्याच्या तंत्राने दुरुस्त करून परत सोडतात. हा बदल संततीत उतरत नाही आणि रुग्णाची संमती घेता येते. २०१८ मध्ये चीनच्या एका संशोधकाने जुळ्या मुलींची जनुके भ्रूणावस्थेतच बदलल्याचे जाहीर केले, त्याहून हे सर्वस्वी वेगळे आहे. त्याला त्याबद्दल तुरुंगवास झाला, आणि भारताच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही तसले प्रयोग निषिद्ध ठरवले आहेत. मला अनीती दिसते ती किमतीत. अमेरिकेत या उपचाराचा दर २२ लाख डॉलर ठरला, आणि हा आजार आपल्याकडे ज्या आदिवासी पट्ट्यात सर्वाधिक आहे तिथल्या घरांना ही रक्कम वाचताही येणार नाही.

तोवर आपल्या हाती जे आहे ते फार मोलाचे आहे. तिला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, लघवीला जाण्यासाठी परवानगी मागायला लावू नये, थंडीत गरम कपडे असल्याची खात्री करावी आणि मैदानावर दमेपर्यंत धावण्याची सक्ती करू नये. हायड्रॉक्सीयुरिया हे या आजारावरचे औषध सुरू आहे का, हे तिच्या घरच्यांना विचारावे. आणि ताप आला, छातीत दुखले किंवा दम लागला, तर ‘थोडे सहन कर’ असे न म्हणता तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.