नावातला मधलाच तुकडा आठवतोय? फाइल अशी शोधा

तुमची अडचण अशी: सिव्हिल लाइन्सच्या वकिलांच्या ऑफिसात स्कॅन केलेल्या ढीगभर फाइली आहेत आणि ‘बारा’ टाइप केलं की काही सातबारे सापडतात, काही नाही. फाइली गेल्या असं समजू नका. विंडोजचा सर्च नाव जुळवतो ते शब्दाच्या सुरुवातीपासून. ‘सात-बारा’ किंवा ‘सात बारा’ त्याच्या लेखी दोन शब्द, म्हणून ‘बारा’ सापडतं. ‘सातबारा’ असं सलग लिहिलेलं मात्र निसटतं. दोन्ही बाजूंना चांदणी लावा, *बारा*, म्हणजे तो तुकडा नावात कुठेही असला तरी चालेल.

आपल्याकडचा खरा घोळ जागांच्या नावांचा आहे. एक जण सीताबर्डी लिहितो, दुसरा सिताबर्डी, तिसरा नुसतं बर्डी. अशा वेळी पूर्ण नाव टाकूच नका. सगळे सारखाच लिहितील तो तुकडा घ्या: *बर्डी*. फारच फाइली आल्या तर *बर्डी*विक्रीपत्र* असं जोडा, पण मग नावातही शब्द त्याच क्रमाने हवेत. प्रश्नचिन्ह एका अक्षराची जागा घेतं, आणि कॉम्प्युटर वेलांटीलाही स्वतंत्र अक्षर धरतो. म्हणून *स?ताबर्डी* मध्ये ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही येतात.

रोजचंच काम असेल तर ‘एव्हरीथिंग’ हा फुकट प्रोग्राम टाकून घ्याच, असं मी आग्रहाने सांगेन. एनटीएफएस ही ड्राइव्हवर फाइली मांडण्याची पद्धत, विंडोजच्या कॉम्प्युटरमधली डिस्क बहुधा याच पद्धतीची असते. अशा ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असते. हा प्रोग्राम फोल्डर एकेक उघडत बसत नाही, थेट ती नोंद वाचतो. त्यामुळे टाइप करता करताच यादी समोर येते. यात चांदणीची गरज नाही, तुकडे जागा सोडून लिहा, क्रम कोणताही चालतो. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतींचा असतो, त्यात हे टेबल नसतं. त्यावरचं फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन वेगळं जोडावं लागतं.

स्कॅनरनेच दिलेली आकड्यांची नावं असतील तर नावाचा नाद सोडा, तारखेने शोधा. त्यातही ‘डेट मॉडिफाइड’, म्हणजे शेवटचा बदल झाल्याची तारीख, बघा. फाइल दुसरीकडे कॉपी केली की ‘डेट क्रिएटेड’ कॉपी केल्याच्या दिवसाची होते, ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते.