मावशींकडून पाळणाघरात: झोप सगळ्यात शेवटी हलवा

ताई, मुलगा दीड वर्षाचा, त्याला सांभाळणाऱ्या मावशी दिवाळीपर्यंतच येणार आणि भाऊबीज झाली की थेट पाळणाघर, असा तुमचा बेत आहे. त्यातलं 'थेट' तेवढं काढा. गौरी-गणपती आटोपले की मावशी असतानाच सुरुवात करा. दीड-दोन महिने दोन्हीकडे पैसे जातील, जाऊ देत. माणूस आणि घर एकाच दिवशी सुटलं की या वयाचं मूल जेवणावर नाहीतर झोपेवर राग काढतं.

पहिले दोन-तीन दिवस मावशींनी तासभर तिथे नुसतं बसायचं, खेळवायचं नाही. त्याने तिथल्या ताईंकडे जायला हवं. मग तासभर एकटा, मग खाऊपर्यंत, मग जेवणापर्यंत. झोप शेवटी, कारण ती सवय सगळ्यात चिवट. घरी वाशाला बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपणारं मूल पाळणाघरातल्या सतरंजीवर डोळा मिटत नाही, आणि दुपारी न झोपलेलं मूल चारनंतर कुणालाच आवरत नाही. म्हणून दोन आठवडे आधीपासून घरीच झोळी सोडवा: खाली चटई, वर गोधडी आणि थोपटणं. सुरुवातीला तास-तास जाईल. तीच गोधडी न धुता पाळणाघरात द्या, वास ओळखीचा लागतो. वेळही तिथलीच धरा; ते साडेबाराला झोपवत असतील तर घरी दीडला झोपवून उपयोग नाही.

सोडताना गुपचूप सटकू नका, नाहीतर घरीही पदर सोडणार नाही. 'गाई झाली की आई येते' एवढं सांगायचं आणि निघायचं. दारात रेंगाळायचं नाही. बहुतेक मुलं दहा-पंधरा मिनिटांत शांत होतात. अर्ध्या तासाने फोन करा. दारातल्या रडण्यावरून काही ठरवू नका. तिथे खातो का, पाणी पितो का, झोपतो का ते विचारा. तीन आठवड्यांनीही यातलं काहीच जमत नसेल तर जागा बदलायचा विचार करा. संध्याकाळी तुम्हाला बघून भोकाड पसरेल, ते मात्र चालायचंच.

जागा बघायला सकाळी नको, जेवणाच्या वेळी जा. खरी परीक्षा तेव्हा. या वयाच्या चार-पाच मुलांमागे एक बाई हवी. विहिरीला जाळी, चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर, हे डोळ्यांनी बघा. डब्यात मासे चालतात का विचारा. गणपती-शिमग्याला किती दिवस बंद, हे लेखी घ्या. पावसात कपडे वाळत नाहीत, तेव्हा नाव घातलेले चार जोड तिथेच ठेवा. (ऑफिसात 50 किंवा जास्त माणसं असतील तर 2017 च्या कायदादुरुस्तीपासून पाळणाघराची सोय मालकाने करायची आहे. एमआयडीसीत असाल तर आधी तिथेच विचारा.)

आजारपण धरूनच चाला. या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या होतातच, पाळणाघरात आणखी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, ती झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवातीआधी उरकून घ्या. ताप आला तर औषधाशिवाय 24 तास ताप नसल्याखेरीज पाठवू नका. त्या दिवसांसाठी मावशींशी आत्ताच रोजाच्या हिशोबाने बोलून ठेवा, आणि दिवाळीची सुटी संपल्यावर पहिले दोन दिवस त्याला अर्धा वेळच ठेवा.