कोल्हापूर-मिरजच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांची कागदपत्रं कुठे पाहायला मिळतील?

तुमचे पणजोबा १९०० च्या सुमारास कोल्हापूरच्या मिशन शाळेत मास्तर होते आणि त्यांचा माग काढण्यासाठी तिथल्या मिशनऱ्यांची कागदपत्रं हवी आहेत, असं तुम्ही विचारलंय. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिशनरी कोणत्या गावात राहिला यापेक्षा त्या साली त्याचा पगार कोण देत होतं, हे आधी पाहा. कागद तिकडे जमा झालेत. कोल्हापूर मिशनचे संस्थापक रॉयल गूल्ड वाइल्डर यांचंच घ्या. १८५२ मध्ये ते कोल्हापुरात आले ते बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेचे, मिशनरी म्हणून. पुढे शाळांवर किती भर द्यायचा यावरून बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन यांच्याशी त्यांचं बिनसलं. बोर्डानं कोल्हापूर सोडलं, वाइल्डर यांनी नाही. १८६१ मध्ये ते स्वतंत्रपणे परत आले आणि १८७० मध्ये हे काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) बोर्डाकडे गेलं. म्हणून बोर्डाला लिहिलेली त्यांची सुरुवातीची पत्रं हार्वर्डच्या ह्यूटन ग्रंथालयात, तर १८७० नंतरचं मिशनचं दप्तर फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी-मिशनरी चळवळीचा मोठा नेता झाला. त्याचे कागद येल विद्यापीठाच्या डिव्हिनिटी ग्रंथालयात आहेत. बाप-लेकाचा पत्रव्यवहार असा तीन शहरांत विखुरलाय.

तुमच्या पणजोबांच्या काळासाठी फिलाडेल्फियाच गाठायला हवं. याच मिशनचे डॉक्टर वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचा दवाखाना उघडला, त्या पिढीचा बोर्डाशी झालेला व्यवहार तिथेच सापडेल. बोर्डाकडून पत्रं लिहिणाऱ्यांत रॉबर्ट स्पीअर हे मोठं नाव, १८९१ ते १९३७ एवढा काळ ते चिटणीस होते. त्यांचे स्वतःचे कागद मात्र प्रिन्स्टनच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात आहेत.

एडिंबरोच्या स्कॉटलंड राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आधी वळू नका. मुंबईचे जॉन विल्सन, नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, जालन्याचे नारायण शेषाद्री हेही प्रेस्बिटेरियनच, पण ते स्कॉटिश मिशनचे. नाव सारखं, दप्तर वेगळं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मिशनरी आपल्या बोर्डाला दुष्काळ, प्लेग, पटसंख्या, इमारतीचा खर्च हे सगळं मनापासून कळवत. पण रोज वर्गात उभा राहणारा मराठी मास्तर त्या पत्रांत बहुधा 'आमचा एक शिक्षक' एवढाच असतो. ज्यांच्या जिवावर शाळा चालल्या त्यांची नावं वार्षिक अहवालांत आकड्यांखाली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यामुळे केवळ अमेरिकेच्या दप्तरावर विसंबू नका. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाचे पणजोबांच्या वर्षांतले अंक चाळा. मराठी ख्रिस्ती माणसांच्या जन्म-मृत्यूच्या, बदल्यांच्या बातम्या अशा नियतकालिकांत सापडण्याचा संभव अधिक. तुमचं घराणं ख्रिस्ती असेल तर पणजोबा ज्या चर्चचे होते त्याची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं पाहायची विनंती तिथल्या पाळकसाहेबांना करा. वडिलांचं नाव, गाव, पूर्वीचं आडनाव कळण्याची खरी आशा तिथेच आहे.

फिलाडेल्फियाला ईमेल करताना 'माझ्या पणजोबांविषयी जे असेल ते' असं मोघम विचारू नका. गाव, शाळेचं नाव, पाच-दहा वर्षांचा काळ आणि त्या वेळच्या मिशनऱ्याचं नाव द्या, आणि आधी फक्त खोक्यांची व फाइलींची यादी मागा. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच पत्रांच्या मायक्रोफिल्म निघाल्यात, त्या तुमच्या जवळच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात आहेत का तेही विचारा. आणि शोधताना कोल्हापूरचं जुनं स्पेलिंगही टाकून पाहा: मध्ये 'एच' नाही आणि शेवटी 'पूर'साठी दोन 'ओ'.