वाचकांचे प्रश्न : मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सिगारची पेटी

प्रश्न : फेब्रुवारीअखेर मी 50 सिगारी मावतील असा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी योग्य ओलाव्यात ठेवण्याची पेटी, घेतला. आतून सीडार लाकडाचे अस्तर आहे, झाकणावर गोल काट्याचा आर्द्रतामापक आहे आणि सोबत हिरव्या स्पंजचा डबाही मिळाला. दर तीन-चार दिवसांनी स्पंज भिजवतो, तरी काटा 50 च्या वर जात नाही. खोलीत कूलर लावला की थोडा वर येतो, बंद केला की पुन्हा खाली. दोन सिगारींचे वरचे पान उभे तडकले आहे. पेटीच खराब निघाली असे समजावे काय? — एक वाचक, लातूर

उत्तर : आपण दिलेल्या तपशिलावरून पेटी खराब असेल असे वाटत नाही. पेटीचे लाकूड कोरडे आहे, आणि आपण स्पंजावर घातलेले बहुतेक पाणी सिगारींपर्यंत पोहोचण्याआधीच ते शोषून घेत आहे. यामागचा हिशेब एकदा मांडून पाहिला म्हणजे पुढे काय करायचे ते आपोआप स्पष्ट होईल.

25 अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 23 ग्रॅम बाष्प धरू शकते. आपली पेटी आतून अगदी 25 लिटरची धरली, तर 70 टक्के आर्द्रतेला तिच्यातल्या साऱ्या हवेत मिळून अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी नसते. आता अस्तराच्या लाकडाकडे पाहा. लाकूड भोवतालच्या आर्द्रतेनुसार पाणी घेते आणि सोडते. मार्च-एप्रिलच्या 25 टक्के आर्द्रतेत त्याच्यात वजनाच्या पाचेक टक्के ओलावा राहतो, तर 70 टक्क्यांच्या हवेत तो 12-13 टक्क्यांवर जातो. अस्तर अवघे एक किलोचे धरले तरी त्याला या मुक्कामी पोहोचायला 70 ग्रॅमच्या आसपास पाणी लागते, आणि स्पंजाच्या डबीतून ते संथपणे, चमचा-चमचा येत असते. एवढ्यावरही लाकडाची ओढ भागली नाही, तर ते शेजारच्या सिगारींतला ओलावा ओढून घेते. आपल्या सिगारी तडकल्या त्या यामुळेच असण्याचा संभव मोठा आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. लाकूड एकदा नीट मुरले, की तेच पेटीतले खरे कोठार होते. झाकण उघडल्यावर आतली सगळी हवा बदलली तरी जाते ते पाव-अर्धा ग्रॅम पाणी, आणि अस्तर ते तासा-दोन तासांत भरून काढते. म्हणून झाकण उघडताच काटा खाली आला तर घाबरून पाणी घालू नये. पेटीतली आर्द्रता स्थिर राहते ती ओलावा साठलेल्या लाकडामुळे, सिगारींमुळे आणि घट्ट झाकणामुळे; स्पंज किंवा आर्द्रता राखणाऱ्या क्षारद्रावणाचे पाकीट केवळ रोजची गळती भरून काढते.

प्रत्यक्षात आधी मापक तपासा. पेट्यांसोबत येणारे गोल काट्याचे मापक पाच-दहा टक्क्यांनी चुकणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे आपला 50 खरा 50 आहे की नाही हे आज सांगता येणार नाही. बाटलीच्या झाकणात चमचाभर स्वयंपाकाचे मीठ घ्या आणि त्यावर थेंब-थेंब पाणी सोडा. मीठ विरघळू न देता ओलेगच्च होऊ द्या. हे झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत थोडी हवा ठेवून रात्रभर बंद करा. ओल्या मिठावरची हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते, आणि 20 ते 30 अंशांच्या दरम्यान त्यात जवळपास फरक पडत नाही. सकाळी मापक 69 दाखवत असेल, तर तो सहाने कमी दाखवतो एवढे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे. शक्य असल्यास साधा डिजिटल मापक घ्यावा, मात्र त्याचीही अशीच परीक्षा करावी.

नंतर सिगारी बाहेर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि रिकामी पेटी मुरवायला घ्या. ओल्या फडक्याने अस्तर पुसण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मला मान्य नाही, कारण पृष्ठभाग एकदम फुगतो, फळ्या वाकतात आणि सांधे सुटतात. पसरट वाटीत शुद्ध पाणी ठेवून झाकण लावा, पाणी कमी झाले की भर घाला आणि हे दोन आठवडे चालू द्या. 84 टक्के आर्द्रता राखणारी खास पाकिटे मिळतात, त्यांनीही हेच काम तेवढ्याच अवधीत होते. वाटी काढल्यावर दोन दिवस काटा 70 च्या आसपास टिकला, तर पेटी तयार झाली. आपल्याकडे नवी पेटी घ्यायची तर जुलै-ऑगस्टमध्ये घेणे उत्तम, कारण पावसाळी दिवसांत ती स्वच्छ, गंधविरहित खोलीत नुसती उघडी ठेवली तरी अर्धे मुरवणे फुकटात होते.

पाण्याबद्दल आग्रहाने सांगतो. लातूरच्या बोअरचे पाणी कूलरच्या जाळीवर जे पांढरे थर चढवते, तेच थर ते स्पंजाच्या छिद्रांतही चढवते, आणि काही महिन्यांत स्पंज पाणी धरून ठेवेनासा होतो. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. औषधांच्या दुकानातले किंवा बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी घ्यावे. बॅटरीच्या दुकानातून घेताना बाटली आम्लाची नाही, एवढी खात्री करावी. नुसत्या पाण्याने भिजवलेला स्पंज हवेला संपृक्ततेकडेच ढकलत राहतो, त्याला 70 पाशी थांबणे ठाऊक नसते. त्यासाठी प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी यांचे समप्रमाणातले द्रावण वापरतात. ते पहिल्यांदा भरले की पुढे बरेच दिवस फक्त पाणी घालायचे असते, कारण उडून जाते ते पाणी आणि ग्लायकॉल मागे राहते. माझा कौल मात्र स्पंजापेक्षा क्षारद्रावणाच्या पाकिटांकडे आहे. ही पाकिटे आर्द्रता कमी झाली की बाष्प सोडतात आणि जास्त झाली की ओढून घेतात, म्हणजे मे महिन्याला आणि ऑगस्टला तेच एक साधन पुरते. 25 सिगारींमागे 60 ग्रॅमचे एक पाकीट असे सर्वसाधारण प्रमाण आहे. पाकीट हाताला कडक लागू लागले की बदलावे.

आता 70 या आकड्याविषयी. 70 टक्के आर्द्रता आणि 21 अंश तापमान ही जोडी सर्वत्र सांगितली जाते, परंतु ती जोडीनेच खरी आहे. एप्रिल-मेमध्ये गच्चीखालच्या खोलीत पारा 35 च्या आसपास असताना 70 चा आग्रह धरणे म्हणजे बुरशीला आणि किड्यांना आमंत्रण आहे. उन्हाळ्याचे चार महिने 62 ते 65 वर समाधानी असावे. सिगार त्यात उत्तम राहते आणि बऱ्याच जणांना ती या ओलाव्याला अधिक चांगली जळते असाच अनुभव येतो.

कूलरचा प्रश्न आपण विचारलात हे चांगले केलेत, कारण मराठवाड्यातल्या घरांत सर्वांत मोठा झोका तोच देतो. दुपारी बाहेर 20 टक्क्यांची हवा असताना कूलरच्या खोलीत ती 60-70 वर जाते आणि पहाटे तो बंद केला की पुन्हा उतरते. हा झोका आपल्या काट्याला लगेच जाणवतो, याचा अर्थ झाकणातून गळती आहे. रात्री दिवे मालवून पेटीत लावलेला टॉर्च ठेवा व झाकण बंद करा. ज्या फटीतून उजेड दिसेल तेथून हवा जाते. तेथे आतल्या कडेवर सिलिकॉनची पातळ पट्टी लावता येते. पूर्वी ज्वारी वर्षानुवर्षे पेवात टिकत असे ती पेवाचे तोंड लिंपून बंद केलेले असे म्हणून. पेटीचेही मर्म तिच्या तोंडाशीच आहे. जागा निवडताना कूलरचा झोत, पश्चिमेची भिंत आणि फ्रिजचा माथा टाळावा. माळवदाचे जुने घर असेल तर मधल्या खोलीतले भिंतीतले कपाट, नाहीतर तळमजल्यावरच्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा, याहून चांगली जागा नाही. पेटी अर्धी रिकामी ठेवू नये. सिगारी कमी असतील तर सीडारच्या पातळ पट्ट्या भराव्यात, म्हणजे ओलावा साठवणारे द्रव्य वाढते.

तडकलेल्या दोन सिगारींचे पान पुन्हा सांधत नाही. उरलेल्या कोरड्या सिगारी मात्र वाचतील. त्या थेट 70 मध्ये ठेवू नयेत. 62 च्या पाकिटाबरोबर दोनेक आठवडे आणि त्यानंतर 65 वर अशा पायऱ्यांनी न्याव्यात. बाहेरचे पान आतल्या भरणापेक्षा लवकर फुगते, आणि घाई केली तर तेच आधी फाटते.

प्रश्न : पेटी जुनी आहे, तिचे अस्तर नवे करायचे आहे. सुतार सागवान किंवा देवदार सुचवतो. चालेल काय? — एक वाचक, परभणी

उत्तर : दोन्ही टाळावेत. सागवान तेलकट असल्याने ओलावा मंदपणे घेते आणि त्याचा वास तंबाखूत उतरतो. देवदार आणि चीड यांना राळ सुटते. ज्याला स्पॅनिश सीडार म्हणतात तो अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला, महोगनीच्या कुळातला वृक्ष आहे आणि देवदाराशी त्याचे काही नाते नाही. त्याच्या पातळ फळ्या मागवता येतात. फळ्यांना पॉलिश किंवा वॉर्निश मुळीच लावू नये.

प्रश्न : गेल्या श्रावणात मापक 78 दाखवत होता आणि सिगारींवर पांढरट भुकटी आली. ही चांगल्या सिगारीची खूण आहे असे एकाने सांगितले. खरे काय? — एक वाचक, नांदेड

उत्तर : 78 वर आलेले पांढरे ठिपके बुरशीचेच समजावेत, त्यांना लव असेल किंवा हिरवट-निळसर झाक असेल तर शंकेला जागाच नाही. ठिपके फक्त बाहेरच्या पानावर असतील तर घराबाहेर नेऊन कोरड्या मऊ कापडाने पुसता येतात. उघड्या टोकाशी आत बुरशी दिसली तर सिगार टाकून द्यावी. पेटीतले आर्द्रक काढून घ्या, अस्तर कोरड्या फडक्याने पुसून पेटी दोन दिवस उघडी ठेवा आणि मग 65 ची पाकिटे लावा. सिलिका जेल घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याला थांबायचे कळत नाही आणि आठवड्यात आपण दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचता.

प्रश्न : दोन सिगारींना सुईच्या टोकाएवढी भोके दिसली आणि तळाशी तपकिरी पूड सांडली आहे. — एक वाचक, हिंगोली

उत्तर : हा तंबाखूचा भुंगेरा आहे. त्याची अंडी पानातूनच आलेली असतात आणि तापमान 24-25 अंशांच्या वर राहिले की ती झपाट्याने उबतात. आपल्याकडे हे तापमान वर्षातील बहुतेक महिने असते. हाच किडा साठवलेल्या हळदीला आणि मिरचीलाही लागतो, म्हणून हळदीचे पोते आणि सिगारची पेटी एका खोलीत ठेवू नये. भोके पडलेल्या सिगारी वेगळ्या काढा. बाकीच्या दुहेरी हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस ठेवा, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणि त्यानंतर खोलीत आणा. पिशवी खोलीच्या तापमानाला येण्यापूर्वी उघडल्यास गार पानावर दव धरते आणि ते फाटते. कायमचे मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये, तिथली हवा फार कोरडी असते. पेटी रिकामी करून कोपऱ्यांतली पूड ब्रशने काढायला विसरू नका.

प्रश्न : लाकडी पेटी परवडत नाही. दुसरा उपाय आहे काय? — एक वाचक, बीड

उत्तर : रबराची कडा आणि चारही बाजूंना खटके असलेला खाण्याच्या वस्तूंचा डबा घ्या. वास पूर्ण गेल्यावर त्यात सीडारच्या दोन पट्ट्या आणि 65 चे एक पाकीट ठेवा. यात गळती जवळपास नसल्याने पाकीट लाकडी पेटीपेक्षा कितीतरी अधिक महिने टिकते, आणि बीडच्या उन्हाळ्यात तर हा डबा महागड्या पेटीपेक्षाही स्थिर राहतो. पंधरा दिवसांतून एकदा तो मिनिटभर उघडून हवा बदलावी.