कर्ज फेडू की गुंतवू? आधी हप्त्याकडे बघा

आधी तुमचं पत्र थोडक्यात सांगते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वडिलांच्या पश्चात तुमच्या वाट्याला जी रक्कम आली, ती तुम्हा दोघांच्या 25 महिन्यांच्या एकत्रित उत्पन्नाएवढी आहे. गृहकर्ज बाकी आहे 23 महिन्यांच्या उत्पन्नाएवढं. व्याज 8 टक्के, मुदत अजून 9 वर्षं, आणि हप्त्यापोटी दर महिन्याचं 30 टक्के उत्पन्न जातं. तुमची नोकरी पक्की, पगार एकूण उत्पन्नाच्या निम्मा. यजमानांचा व्यवसाय, कधी हात भरून, कधी ठणठणाट. शिल्लक जेमतेम एका महिन्याची. यजमान म्हणतात, सगळं फेडून मोकळे होऊ. तुम्ही म्हणता, "बाबांनी पै-पै करून साठवलेला पैसा बँकेच्या घशात कशाला घालायचा?" तुम्ही आर्थिक संशोधनावरचे लेख आवडीने वाचता, आणि त्यावरून तुमचं मत झालंय की कर्ज चालू ठेवावं आणि सगळी रक्कम शेअर फंडात टाकावी.

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. बराचसा भाग कर्जात घाला, पण हप्ता कमी करून घ्या, आणि सहा महिन्यांचं उत्पन्न हाताशी राहील एवढी रोकड बाजूला काढा. उरेल ते गुंतवा. का, ते सांगते.

आधी बाबांच्या पैशाबद्दल. पैशावर कुणाचं नाव कोरलेलं नसतं. तुमच्या पगारातून बँकेला व्याज जातं आहेच. ते थांबवायला वडिलांची रक्कम वापरली काय किंवा पगार वापरला काय, हिशेब एकच. प्रत्येक रकमेला मनात वेगळा कप्पा करण्याच्या या सवयीवर रिचर्ड थेलर यांनी बरंच काम केलंय आणि 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. कप्पे वाईटच असतात असं नाही, शिस्त लावायला ते उपयोगी पडतात. पण इथे तो कप्पा तुम्हाला 8 टक्के व्याजाचं कर्ज बाळगायला लावतोय.

आता तुमचा मुख्य मुद्दा. शेअर बाजार दीर्घ मुदतीत कर्जाच्या व्याजापेक्षा जास्त देतो, म्हणून कर्ज फेडू नये. यातला पहिला अर्धा भाग पुष्कळदा खरा ठरला आहे. 1900 पासूनची जगभरच्या बाजारांची आकडेवारी पाहिली तर महागाई वजा जाता शेअर्सनी वर्षाला साधारण 5 टक्के दिले आहेत (कर्जाच्या 8 टक्क्यांतून महागाई वजा केलेली नाही, म्हणून हे दोन आकडे थेट ताडू नका). पण तो परतावा सरासरीचा आहे आणि कर्जफेडीतून मिळणारे 8 टक्के खात्रीचे आहेत. खात्रीच्या 8 टक्क्यांशी तुलना करायची तर खात्रीच्या ठेवीची करा. कुठलीही ठेव करकपातीनंतर एवढं देत असेल तर मला कळवा, मीही ठेवीन. तुमच्याकडे गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळत असेल तर तेवढी 8 मधून वजा करा. माझं उत्तर त्याने थोडं सरकेल, उलटणार नाही.

शिवाय ती सरासरी बाजाराची आहे, बाजारात वावरणाऱ्या माणसांची नाही. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी 1991 ते 1996 या काळातली अमेरिकेतल्या 66,465 कुटुंबांची खाती तपासली. सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला 11.4 टक्के मिळाले, त्याच काळात बाजाराने 17.9 टक्के दिले. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती ओघात लिहून गेलात: "मागच्या पडझडीत मी सगळं विकलं, मग बाजार वर गेल्यावर परत घेतलं." आणि पुढे, "ॲप रोज सकाळी उघडून बघते." कुठल्याही शोधनिबंधापेक्षा या दोन ओळी मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या. तोटा नफ्याच्या जवळपास दुप्पट बोचतो, आणि श्लोमो बेनार्ट्झी व थेलर यांनी 1995 मध्ये दाखवलं होतं की माणूस जितक्या वेळा खातं बघतो तितके तोटे त्याला जास्त दिसतात. रोज बघणाऱ्याने 25 महिन्यांचं उत्पन्न एका दमात बाजारात टाकणं म्हणजे पुढच्या पडझडीत पुन्हा तळाला विकण्याची तयारी करणं.

मग यजमानांचं बरोबर? निम्मं. कर्ज डोक्यावर असलं की डोकं चालत नाही, हे नुसतं म्हणणं नाही. सिंगापूरमध्ये एका संस्थेने कमी उत्पन्नाच्या लोकांची थकलेली कर्जं फेडून दिली, तेव्हा त्यांची चिंता कमी झाली आणि विचारांच्या चाचण्यांमध्येही ते आधीपेक्षा चांगले ठरले. 2019 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण ती माणसं अनेक थकबाक्यांनी घेरलेली होती. तुमचा एकही हप्ता चुकलेला नाही. एखादा निष्कर्ष उचलण्याआधी तो कुणावर काढलाय हे बघावं, ते यासाठी. तरी यजमानांची झोप उडत असेल, तर हिशेबात तिलाही किंमत आहे आणि ती त्यांनीच ठरवायची.

त्यांच्या योजनेतली अडचण वेगळीच आहे. सगळं कर्ज फेडलं की हाताशी उरतं जुनं एक आणि नवे दोन, असं तीन महिन्यांचं उत्पन्न. हप्ता नाही म्हणून ते खर्चाला चार महिने पुरेल, कदाचित थोडं जास्त. व्यवसायाचं एक वाईट वर्ष सोसायला ते अपुरं आहे. आणि घरात गेलेला पैसा परत काढायचा तर नव्याने कर्ज मागायचं. व्यवसाय बसलेला असताना बँक उत्पन्नाचे कागद मागते, आणि नेमके तेव्हाच ते दाखवण्यासारखे नसतात.

इथे मला ज्या संशोधनाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, ते मुळात सरकारी धोरणाचं आहे. 2008 च्या संकटानंतर अमेरिकेत ज्यांच्या घराची किंमत कर्जाच्या खाली गेली होती, त्यांना दोन तऱ्हेने दिलासा दिला गेला. काहींचं मुद्दल माफ केलं. काहींची मुदत वाढवून हप्ता उतरवला. पीटर गॅनाँग आणि पास्कल नोएल यांनी दोन्हींचे परिणाम वेगवेगळे करून मोजले (त्यांचा निबंध 2020 चा). मुद्दल घटलं पण हप्ता तोच राहिला, तिथे कर्ज थकण्यावर काही लक्षणीय फरक दिसला नाही. हप्ता उतरला पण एकूण देणं तेवढंच राहिलं, तिथे थकबाकी चांगलीच घटली. घर हातचं जातं ते कर्ज किती बाकी आहे यामुळे नाही, या महिन्याचा हप्ता कुठून भरायचा यामुळे. सरकारांनी यातून काय घ्यायचं ते उघड आहे: तिजोरीतला तोच पैसा मुद्दल माफ करण्यापेक्षा हप्ता हलका करण्यावर जास्त काम करतो.

तुमच्या घरात ते असं लागू पडतं. अंशतः परतफेड केली की बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. कागदावर ते छान दिसतं, व्याज सर्वात जास्त वाचतं. पण उद्या यजमानांचं उत्पन्न थांबलं तर तुमच्या एकटीच्या पगारातून 60 टक्के हप्त्याला जाणार, आजच्यासारखेच. म्हणजे मोठी रक्कम देऊनही वाईट दिवसासाठी तुम्ही आहात तिथेच.

म्हणून आकडे असे. 25 पैकी 14 महिन्यांचं उत्पन्न कर्जात घाला, बाकी राहील 9 महिन्यांचं. मुदत 9 वर्षंच ठेवून हप्ता नव्याने बसवून घेतला, तर तो उत्पन्नाच्या 30 टक्क्यांवरून 12 टक्क्यांच्या आत येतो. यजमानांचा महिना कोरडा गेला तरी तुमच्या पगाराचा साधारण चौथा हिस्सा, निभून जाईल. हात भरलेला असेल तेव्हा वरची रक्कम स्वखुशीने भरा. दर महिन्याला पूर्वीएवढंच भरत राहिलात तर कर्ज तीन वर्षांच्या आत संपतं, मुदत कमी करून घेतल्यासारखंच. फरक एवढाच की भरायचं की नाही हे तुमच्या हातात राहतं. जादा भरण्यावर दंड आहे का, ते मात्र करारात बघून घ्या.

5 महिन्यांचं उत्पन्न आधीच्या एकात मिळवा आणि ज्या खात्यातून कधीही काढता येईल अशा खात्यात ठेवा. त्यावर व्याज कमी मिळेल, मिळू दे.

उरलेले 6 महिने शेअर फंडात, पण वर्षभरात थोडे थोडे करून. तात्त्विकदृष्ट्या एकरकमी टाकणं सरासरीने सरस ठरतं, मला माहीत आहे. तुमच्यासाठी मी तरीही टप्पे सुचवते, कारण मागच्या वेळी तुम्ही विकलंत. घर आणि व्यवसाय या दोन्हींच्या बाहेर तुमचं काहीच नाही, म्हणून हे 6 हवेतच.

राहिला कमी झालेला हप्ता, उत्पन्नाचे 18 टक्के. याचं काय होईल? संशोधक इथे एकमतात नाहीत. अमेरिकेत गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरलेल्यांनी रोजचा खर्च वाढवला नाही. त्यांनी बचत वाढवली आणि घरातलं सामान घेतलं. वाहनकर्ज फिटलेल्यांनी मात्र खर्च वाढवला. नेदरलँड्समध्ये 2013 पासून नव्या कर्जदारांना करसवलतीसाठी मुद्दल फेडत जाणं भाग पडलं, तेव्हा त्यांनी दुसरी बचत कमी केली नाही, फेडीएवढी संपत्ती जवळपास पूर्ण वाढली. हप्ता ही सक्तीची बचत असते. ती सक्ती सैल झाली की दुसरी लावावी लागते. डेन्मार्कच्या निवृत्ती खात्यांच्या अभ्यासात तर सुमारे 85 टक्के लोक असे निघाले की सवलती बदलल्या तरी ते हलले नाहीत, पण आपोआप कापलेली रक्कम त्यांच्या खात्यात साठत गेली. तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की सरकारने बचतीसाठी करसवलत द्यावी की नियम करावेत. माझा कौल त्या 85 टक्क्यांकडे बघून आपोआप कपातीला, नको असेल त्याला बाहेर पडायची मुभा ठेवून.

तुमच्यासाठीही तेच. 18 पैकी 10 टक्के हप्त्याच्याच तारखेला आपोआप फंडात जातील अशी सूचना बँकेला द्या. हे तुमच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. उरलेले 8 मोकळे ठेवा. हात भरला असेल तेव्हा कर्जात घाला, नाहीतर खर्च झाले तरी माझी हरकत नाही. इतके दिवस ओढाताण केलेल्या घराने थोडा श्वास घ्यायला हवा. आणि ॲप फोनवरून काढून टाका, तिमाही विवरण येतंच.

बँकेत जाताना अर्जावर "मुदत कायम ठेवून हप्ता कमी करावा" असं स्पष्ट लिहा, कारण न सांगता बहुधा उलटंच केलं जातं. नव्या हप्त्याचं कोष्टक लेखी मागा. त्यात हप्ता तोच आणि महिने कमी दिसले, तर सही न करता परत द्या.