विहिरीची धास्ती आणि शेततळ्याचा भरवसा

प्रश्न : ताई, सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन सिन्नरकडे गावी जाणार आहोत. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ९ची. दोघांनाही पोहता येत नाही. सासरे म्हणतात, पाठीला तरंगणारा बिंडा बांधून आठ दिवसांत विहिरीत शिकवतो. मला विहिरीत डोकावलं तरी धडकी भरते. त्यापेक्षा घरामागच्या शेततळ्यात कडेकडेने खेळू द्या, असं मी सुचवलं. उन्हाळ्यात त्यात कमरेएवढंच पाणी असतं. माझं काही चुकतंय का?
– एक आई, चिंचवड

उत्तर : हो, चुकतंय. तुम्ही निघण्याआधी पत्र आलं, याचं मला फार बरं वाटलं. मुलांना शेततळ्यात अजिबात उतरवू नका. गुडघाभर पाण्यातही नाही.

शेततळ्याला उभं राहता येईल अशी कडच नसते. मोठं तळं ३० मीटर लांब, ३० रुंद, ३ मीटर खोल. चारी बाजूंनी उतार आणि त्यावर ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. पाण्याखाली त्या कागदावर शेवाळ धरतं. मी तीस वर्षं पोहायला शिकवते आहे. चार वर्षांपूर्वी भावाच्या शेततळ्यातला कचरा काढायला वाकले आणि घसरले. पोहत काठाशी आले, दोन पावलं चढले की पुन्हा खाली. हाताला धरायला काही नाही. नखं कागदावरून नुसती सरकत होती, बोटांना तो हिरवा बुळबुळीत थर. पाचव्या-सहाव्या खेपेला पोटऱ्यांत गोळे आले. मग पंपाचा पाइप हाताला लागला, त्याला धरून वर आले. पोहणं मला येत होतं, पण बाहेर काढलं ते त्या पाइपनं.

भावानं दुसऱ्याच दिवशी चारी बाजूंना नायलॉनचे दोर सोडले. हात-हात अंतरावर गाठी, वरचं टोक लोखंडी खुंटीला, खालचं तळापर्यंत. काठावर हवा भरलेल्या दोन ट्यूब, भोवती कुंपण, फाटकाला कुलूप. सासऱ्यांना आजच फोन करून एवढं करून घ्यायला सांगा. तुमची मुलं गेली नाहीत तरी वस्तीवरची पोरं तिथे जाणारच.

आता विहीर. तिला पायऱ्या असतील आणि सासरे स्वतः पाण्यात उतरणार असतील, तर त्यांना शिकवू द्या. फक्त आधी मोटारीचा मेन स्विच बंद हवा, नुसता स्टार्टर नाही. वायर कुठे सोलली असेल तर पाण्यात करंट उतरतो. मे महिन्यात पाणी खोल जातं, कपारी उघड्या पडतात, म्हणून वरून उड्या नकोत. एका वेळी एकच मूल पाण्यात, आणि दोर घेऊन दुसरं मोठं माणूस पायरीवर. बिंड्याची गाठ रोज नव्याने बांधायची. तो सरकतो, सुटतो, त्याच्या भरवशावर नजर हलवायची नाही.

बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होतं, हात पाणी खाली दाबत राहतात, आवाज काढायला श्वासच उरत नाही. काठावरच्या मुलांना बजावा : कोणी बुडताना दिसलं तर आत उडी मारायची नाही. मोठ्यांना हाका मारायच्या आणि दोर, काठी, रिकामा कॅन, काहीही पुढे करायचं. तुमची साडीही साडेपाच मीटर पुरते. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं नको. श्वास नसेल तर तोंडाने ५ श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हे चालूच ठेवा. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ला फोन करायचा.

तुम्हाला स्वतःला पोहता येतं का, ते पत्रात नाही. येत नसेल तर सासऱ्यांना तिसरा बिंडा तुमच्यासाठी करायला सांगा.